मामाची गाडी आणि वाऱ्याचा आकडा

मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण तो 'स्कोअरिंग' म्हणूनच! त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी (म्हणजे आमच्याच विंगमधल्या मैत्रिणीने) "मेसच्या पोळ्यांवर लिहू नकोस, काहीतरी टेक्निकल लिही" असं फर्मावलं, तेव्हा पोटात गोळाच आला. मग मे महिन्याची सुट्टी आठवली. त्या सुट्टीत मी एक यंत्र निवडलं, बसवलं आणि चुकीचं बसवलं. त्या चुकीपायी माझ्या मामाच्या हाताला सहा टाके पडले. तर आज तोच धडा, व्हायवाला विचारतात तसा, पायरी-पायरीने.

गाडी कसली?

माझं आजोळ मालवणजवळ, तारकर्लीच्या रस्त्यावर. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून मामाच्या डोक्यात एकच किडा. शेवटी त्याने एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली. आत दोन बर्थ, एक ओटा, गॅसची शेगडी, टपावर एसी आणि पाण्याची टाकी. डाव्या अंगाला गुंडाळता येणारं कापडी छप्पर, म्हणजे ऑनिंग. तीन मीटर लांब, अडीच मीटर बाहेर येणारं. पाहुण्यांनी समुद्राकडे तोंड करून त्याखाली बसायचं आणि सोलकढी प्यायची, अशी एकूण कल्पना.

गाडी उभी राहणार किनाऱ्यावर, आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्याचा भरवसा नाही. म्हणून मामा म्हणाला, "गो, तू इंजिनेर मा? मग वारो मोजूचा मशीन तूच बसव." झालं! मी तिसऱ्या वर्षाची पोरगी, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला इंजिनिअर म्हटलं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला आणखी काय लागतं?

निवड : पाच प्रश्न

वेदर स्टेशन म्हणजे एक यंत्र नव्हे, ते पाच यंत्रांचं एकत्र कुटुंब आहे. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या, दिशा दाखवणारं पातं, पाऊस मोजणारी हिंदकळणारी वाटी, तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि वायुभारमापक. हे घरातल्या डिस्प्लेला रेडिओने जोडलेले असतात. घराच्या गच्चीवर बसवायचं तर प्रश्न सोपा. चालत्या गाडीसाठी मात्र घेण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारा.

१. आकडा किती वेळाने येतो? काही संच दर अडीच सेकंदांनी वाऱ्याचा आकडा पाठवतात, काही सोळा सेकंदांनी. ऑनिंग फाटायला तीन सेकंद पुरतात. मला हे नंतर कळलं.

२. रेडिओ कोणत्या फ्रीक्वेन्सीवर? अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले संच बहुधा ९१५ मेगाहर्ट्झचे असतात. आपल्याकडे त्या भागात मोबाइलचा पट्टा येतो. भारतात विनापरवाना वापरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे. तेव्हा "काकांनी न्यूजर्सीहून पाठवलं" म्हणून हुरळून जाऊ नका.

३. सगळे सेन्सर एकाच दांड्यावर की वेगवेगळे? एकत्र असतील तर बसवणं सोपं, पण वारा मोजायला उंची हवी आणि तापमान मोजायला सावली. दोन्ही एकाच जागी मिळत नाहीत. गाडीसाठी वेगळे सेन्सर बरे.

४. वाट्या की अल्ट्रासोनिक? वाट्यांचं यंत्र आयरिश शास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये केलं, आजही तेच चालतं. अल्ट्रासोनिकमध्ये हलणारा भागच नसतो, त्यामुळे खाऱ्या हवेत बेअरिंग धरण्याची भीती नाही. मात्र किंमत जास्त. मामाच्या बजेटात वाट्याच बसल्या.

५. वायुभारमापकात समुद्रसपाटीपासूनची उंची सहज बदलता येते का? या प्रश्नाची गंमत पुढे आंबोलीच्या घाटात.

मी यातले दोनच प्रश्न विचारले. किंमत किती आणि डिस्प्ले रंगीत आहे का, हे मात्र नीट बघितलं!

बसवणं : पहिला प्रयत्न

टपाला भोक पाडायचं नाही, हे मामाने बजावलं होतं. ते बरोबरच. कोकणातल्या पावसात टपाचं एक भोक म्हणजे आत पाळणाघरासारखी बादल्यांची रांग. म्हणून मागच्या शिडीला क्लॅम्प लावून मी दांडा उभा केला. दांडा छोटा होता, वाट्या टपाच्या जेमतेम फूटभर वर आल्या. पुढे एसीचं खोकं, त्याच्या बाजूला टाकी. दिसायला झकास! डिस्प्लेवर अलार्म लावला ताशी ३० किलोमीटरचा. आकडा त्याच्यावर गेला की पिंपिं वाजणार आणि मामा ऑनिंग गुंडाळणार. सिस्टिम तयार.

मे २०२५चा तिसरा आठवडा. त्या वर्षी पाऊस घाईत होता. मान्सून २४ मेला केरळात आणि २५ मेला थेट देवगडपर्यंत पोचला, नेहमीपेक्षा खूपच आधी. त्याच्या आधीपासूनच कोकणात वळवाच्या सरी कोसळत होत्या. मामाचं पहिलंच बुकिंग होतं, पुण्याचं एक कुटुंब, बरोबर पाच वर्षांचा मुलगा. गाडी समुद्राकडे नाक करून उभी. संध्याकाळी शेजारचे आबा आले. आयुष्यभर रापण ओढलेला माणूस. पश्चिमेकडे बघून म्हणाले, "दर्यार काळोख इलो हा. ता कापड आधी गुंडाळा."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी डिस्प्लेकडे. आकडा होता १४. मी म्हटलं, "मामा, चौदाच आहे. तीसला अलार्म होईल ना, तेव्हा बघू."

मुलाला त्याच्या आईने चड्डी बदलायला आत नेलं. त्यानंतर दोन-तीन मिनिटांत झोत आला. ऑनिंग आधी पोटातून फुगलं, मग एकदम उलटं होऊन टपावर आदळलं आणि त्याचा पुढचा खांब उपटून गरकन फिरला. मामा त्याला धरायला गेला होता. खांबाची कड त्याच्या हाताला लागली, कोपरापासून मनगटाकडे. मुलगा जिथे वाळूत घर करत होता, तिथेच तो खांब पडला. त्याचं प्लॅस्टिकचं फावडं खांबाखाली दोन तुकडे झालेलं मी बघितलं.

अलार्म? वाजलाच नाही. त्या सगळ्या गोंधळात डिस्प्लेने गाठलेला सर्वांत मोठा आकडा २२ होता.

रात्री दवाखान्यातून आल्यावर मामा एक शब्द बोलला नाही. मामीही नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आबा तेवढे अंगणातून म्हणाले, "चेडवा, तुझा यंत्र वाऱ्याच्या सावळेत आसा." सावळी म्हणजे सावली. फ्लुइड मेकॅनिक्सच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये 'वेक' या शब्दाचा इतका चांगला अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

चूक शोधणं : हीर आणि लोकर

दुसऱ्या दिवशी मी यंत्र काढून फेकून द्यायला निघाले होते. मामाच म्हणाला, "टाकू नको. खंय चुकला ता बघ."

विंड टनेलमध्ये मॉडेलवर दोऱ्याचे तुकडे चिकटवतात, हवा कुठे सरळ जाते आणि कुठे भोवरे होतात ते दिसावं म्हणून. आमच्याकडे विंड टनेल कुठला? पण मामीची लोकर होती आणि माडाच्या झावळ्यांचे हीर होते. एका लांब काठीला वीतभर अंतरावर हीर बांधले, प्रत्येकाच्या टोकाला लोकरीचा धागा. काठी टपाच्या मागच्या कडेला उभी धरली. जे दिसलं ते कायम लक्षात राहील. वारा समुद्राकडून येत होता, वरचे धागे सरळ जमिनीकडे उडत होते. पण टपाजवळचे धागे चक्क उलटे, समुद्राकडे वळत होते! मधले धागे वेड्यासारखे गोल फिरत होते. माझ्या वाट्या बरोबर त्या वेड्यांच्या घरात बसल्या होत्या. एसीच्या आडोशाला, गाडीच्या शेपटीला, वाऱ्याच्या सावलीत.

टपापासून साधारण दीड मीटर वर गेल्यावर सगळे धागे शिस्तीत आले. वाट्या त्या उंचीवर काठीला बांधून धरल्या, आकडा २६. पुन्हा जुन्या जागी, आकडा ११. वारा तोच, गाडी तीच. अर्ध्याहून अधिक वारा माझ्या क्लॅम्पने खाल्ला होता.

थोडं गणित

मित्रहो, आता जरा वही काढा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग मीटर प्रति सेकंदात धरला तर दाब = ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, न्यूटन प्रति चौरस मीटर. मामाचं ऑनिंग साडेसात चौरस मीटरचं. कापड वाऱ्याला पूर्ण आडवं आलं असं धरू.

ताशी ३० किमी (८.३ मीटर प्रति सेकंद) : सुमारे ३१२ न्यूटन, म्हणजे ३२ किलोचं ओझं.
ताशी ४५ किमी (१२.५ मीटर प्रति सेकंद) : सुमारे ७०० न्यूटन, ७२ किलो.
ताशी ६० किमी (१६.७ मीटर प्रति सेकंद) : १२५० न्यूटन, १२७ किलो.

वारा दुप्पट, ओझं चौपट. म्हणूनच आकडा निम्मा दिसला तर चूक निम्मी नसते. मी ३२ किलोसाठी अलार्म लावला होता, आणि माझं यंत्र निम्मं मोजत असल्यामुळे तो वाजेपर्यंत कापडावर त्याच्या चौपट ओझं येऊन गेलं असतं.

"ताशी ४५" म्हणजे किती?

मालवणात हा आकडा कुणालाही माहीत आहे. ४ डिसेंबर २०२३ला, नौदल दिनी, राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ला तो कोसळला. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी वारा ताशी ४५ किलोमीटर होता असं सांगितलं आणि तो आकडा घराघरांत पोचला. (२०२५च्या मे महिन्यात तिथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला.)

मामाच्या अपघातानंतर मी हा आकडा इंजिनिअरिंगच्या चष्म्यातून बघितला. ब्यूफोर्ट मापनात ताशी ३९ ते ४९ किलोमीटर म्हणजे सहावा क्रमांक. मोठ्या फांद्या हलतात, छत्री सांभाळणं कठीण होतं. किनाऱ्यावर पावसाळ्यात असा वारा काही अप्रूप नव्हे. आपल्या आयएस ८७५ भाग ३ या प्रमाणसंहितेत पणजीसाठी मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे, मुंबईसाठी ४४. ३९ म्हणजे ताशी १४० किलोमीटर! दहा मीटर उंचीवरचा, तीन सेकंदांचा झोत. ४५ आणि १४० च्या वर्गांचं गुणोत्तर काढा, ओझं जवळजवळ दहापट येतं. इमारत असो की पुतळा, किनाऱ्यावर बांधायचं तर हिशेब त्या मोठ्या आकड्याचा धरायचा असतो.

यातून माझा धडा असा : वाऱ्याचा नुसता आकडा अर्धवट असतो. तो सरासरी की झोत, किती उंचीवरचा आणि कुठे मोजलेला, हे तीन प्रश्न त्याला चिकटलेलेच हवेत. मी "चौदा" म्हणाले तेव्हा यातला एकही मी विचारला नव्हता.

बसवणं : दुसरा प्रयत्न

वारा : सरकवून लांब होणारा ॲल्युमिनियमचा दांडा, मागच्या शिडीला दोन ठिकाणी पकडलेला, तीन बाजूंनी दोऱ्यांचे ताण. वाट्या जमिनीपासून साडेचार मीटरवर. हवामान खात्याची प्रमाण उंची दहा मीटर. मोकळ्या जागेत तिथला वारा आपल्यापेक्षा साधारण १२ टक्के जास्त धरायचा.

दांडा उभारण्याआधी वर बघा! विजेच्या तारा असतील तर गाडी हलवा, दांडा नव्हे. ढग गडगडू लागले की दांडा खाली, कारण मोकळ्या किनाऱ्यावर तो विजेला निमंत्रण आहे. गाडी चालवताना तर खालीच, नाहीतर पहिल्याच फणसाच्या फांदीला नमस्कार. आणि माडाखाली गाडी लावू नका. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

दिशा : घराची उत्तर रोज तीच असते, गाडीची प्रत्येक मुक्कामाला बदलते. पात्यावर उत्तरेची खूण असते. मी दांड्याच्या बुडाला रंगाची पट्टी मारली. मुक्कामाला पोचलं की कंपास बघायचा, पट्टी उत्तरेला फिरवायची, मग स्क्रू आवळायचा. कंपास गाडीच्या पत्र्यापासून चार पावलं लांब उभं राहून बघा, नाहीतर तो गाडीचीच उत्तर दाखवेल.

तापमान : टपावर तापमान ठेवलंत तर तुम्ही हवा नाही, तापलेला पत्रा मोजता. वेधशाळेत पांढरी झडपांची पेटी असते, ती थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहांच्या इंजिनिअरची. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या आर. एल. स्टीव्हन्सनचे हे वडील! (कॉन्व्हेंटचा एक तरी उपयोग.) आम्ही सेन्सर पांढऱ्या झडपांच्या कवचात घालून गाडीच्या सावलीच्या बाजूला, जमिनीपासून सव्वा मीटरवर टांगतो.

पाऊस : आतली वाटी ठरावीक पाणी भरलं की हिंदकळते आणि एक ठोका मोजला जातो. गाडी तिरकी असेल तर वाटी आधीच किंवा उशिरा कलंडते. म्हणून आधी गवंड्याची पाणपातळी. तपासायची रीत सोपी. आमच्या नरसाळ्याचा व्यास १२ सेंटीमीटर, क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटीमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ११.३ मिलिलिटर पाणी. अर्धा लिटर पाणी थेंब-थेंब ओतलं तर डिस्प्लेवर ४४ मिलिमीटर यायला हवेत. आमचे आले ३१. उघडलं, तर आत सुरूच्या काड्या आणि मुंग्यांचं वारूळ!

मीठ : क्लॅम्प आणि स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४वर किनाऱ्यावर लवकर तांबूस डाग येतात. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने सगळं धुवायचं. वाट्या फुंकर मारून फिरल्या नाहीत तर बेअरिंग गेलं समजा.

डिस्प्ले : गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, रेडिओ अडवतो. डिस्प्ले खिडकीजवळ ठेवा. वीज अगदी कमी लागते, गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर मोबाइलचा चार्जर पुरतो.

आंबोलीतलं चक्रीवादळ

जूनमध्ये मामा हाताची पट्टी काढून आम्हाला आंबोलीला घेऊन गेला. घाट चढताना डिस्प्लेवरचा वायुभार धडाधड खाली. वर पोचलो तेव्हा आकडा ९३०च्या आसपास आणि पडद्यावर वादळाचं चित्र लुकलुकतंय. मामी घाबरली. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ मालवणला झोडपून गेलं, ते ती विसरलेली नाही. त्या वादळाच्या केंद्रातला किमान वायुभार हवामान खात्याच्या अंदाजाने ९५० हेक्टोपास्कल होता. म्हणजे आम्ही तौक्तेच्याही पोटात?

नाही हो! समुद्राजवळ दर सव्वाआठ मीटर चढाला सुमारे एक हेक्टोपास्कल कमी होतो. आंबोली सुमारे ६९० मीटरवर. हिशेब लागला. यंत्राला वाटत होतं की आपण मालवणातच आहोत. मुक्काम बदलला की उंची बदला, आणि गाडी चालू असताना वायुभाराकडे बघूच नका.

आणखी एक खोड. आपल्या उष्ण प्रदेशात वायुभार रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. फरक दोन-तीन हेक्टोपास्कल. परदेशी यंत्राला हे माहीत नसतं, ते रोज दुपारी "पाऊस येणार" म्हणतं. म्हणून आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करा. तिथे तीन-चारने घट दिसली तर कान टवकारा.

यंत्र काय सांगत नाही

वेदर स्टेशन आत्ता, इथे काय आहे ते सांगतं. झोत तुमच्यापर्यंत येईपर्यंत त्याला काही माहीत नसतं. नोव्हेंबर २००९मध्ये फयान वादळात कोकणातले कितीतरी मच्छीमार समुद्रात सापडले. दांड्यावरच्या वाट्या असं काही आधी सांगू शकत नाहीत. त्यासाठी हवामान खात्याचे इशारे आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज रोज बघायचा. आता मामाच्या गाडीत नियम लिहून चिकटवलेला आहे :

झोत २५ झाला की ऑनिंग गुंडाळा.
इशारा आला असेल तर ऑनिंग उघडूच नका.
आबा म्हणाले गुंडाळा, तर आकडा न बघता गुंडाळा.

तिसरा नियम मी स्वतःच्या हाताने लिहिला.

गणपतीच्या सुट्टीत गेले होते. मामाच्या हातावर पांढरी रेघ राहिली आहे. पाहुण्यांना तो ती दाखवून सांगतो, "आमच्या भाचीन बसवलेला यंत्र! आता एकदम बरोबर चलता." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण थोडं बरंही वाटतं.

तर मंडळी, एक विनंती. लॅबमध्ये रीडिंग घेताना आपण काय करतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या बेंचवरून आकडे उतरवतो, ग्राफ सरळ यावा म्हणून एखादा बिंदू सरकवतो. मीही केलंय. पण त्या आकड्याखाली कधीतरी एक पाच वर्षांचं पोर वाळूत घर करत बसलेलं असतं. पुढच्या वेळी आकडा लिहिण्याआधी एकदाच विचारा, माझं यंत्र कुणाच्या सावलीत तर नाही ना?

हॉस्टेलच्या गच्चीवर एक छोटं वेदर स्टेशन उभारायचा विचार आहे. लोकर माझ्याकडे आहे. हीर आणि वर चढायला वॉर्डनची परवानगी, हे मात्र तुम्ही आणा!